कोपऱ्यावरचं दुकान राहू द्या

महोदय,

दादर-माटुंग्यात पुनर्विकासाची धूम आहे. आमच्या गल्लीच्या कोपऱ्यावरची तीन मजली इमारतही आता पाडणार. नव्या आराखड्यात तळमजल्यावर नुसतं पार्किंग आणि रस्त्याकडेने सलग भिंत दिसते. दुकानाला जागाच नाही.

१८९६च्या प्लेगनंतर, शहर सुधारण्यासाठी १८९८ साली स्थापन झालेल्या इम्प्रूव्हमेंट ट्रस्टने हा भाग आखला. पुढे १९३०-४०च्या दशकांत आरसीसीमुळे, म्हणजे आत लोखंडी सळ्या घातलेल्या काँक्रीटमुळे, इमारतीचा कोपरा गोल वळवता आला, खिडक्यांवर लांब छज्जे काढता आले. खाली वाणी, इस्त्रीवाला किंवा इराणी हॉटेल, वर बिऱ्हाडं. आमच्या वाण्याचं दार बरोबर कापलेल्या कोपऱ्यात आहे, दोन झिजलेल्या पायऱ्या चढून. पावसात बससाठी थांबलेली माणसं त्याच्याच छज्ज्याखाली उभी असतात. रात्री साडेदहापर्यंत तिथे दिवा असतो, म्हणून क्लासहून उशिरा परतणाऱ्या मुलांची काळजी वाटत नाही.

काँक्रीटला माझा विरोध नाही. टॉवरलाही नाही. (बरं, थोडा आहे.) पण कोपऱ्यावर दोन-तीन गाळे ठेवा, वर माणूस भिजणार नाही इतका रुंद छज्जा द्या, पार्किंग त्यामागे न्या. रहिवाशांचं दार बाजूच्या गल्लीतून काढा. उद्या गाळ्यात हॉटेल आलं तर धुराचा पाइप गच्चीपर्यंत कुठून जाणार, हे नकाशातच ठरवा; नाहीतर तो पहिल्या मजल्याच्या स्वयंपाकघरासमोर येतो आणि भांडणं सुरू होतात.

– एक रहिवासी, माटुंगा