यूपीआय फुकट असेल, तर माझ्या गल्ल्यातून दरमहा पैसे कोण नेते? – केंद्रीय अर्थमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. केंद्रीय अर्थमंत्री,
भारत सरकार, नवी दिल्ली

महोदया,
सादर नमस्कार.

मुरबाडच्या बाजारपेठेत माझे किराणा मालाचे लहान दुकान आहे. आपल्या वेळेची किंमत मी जाणतो, तरीही हे पत्र लिहिणे भाग पडले, कारण या महिन्यात माझ्या सेटलमेंटमधून, म्हणजे डिजिटल विक्रीच्या माझ्या खात्यात जमा होणाऱ्या पैशांतून, एका यंत्राच्या भाड्यापोटी 352 रुपये 82 पैसे परस्पर वजा झाले आणि ते यंत्र मी मागितलेले नव्हते. आधी माझ्याकडे साधा साउंडबॉक्स, म्हणजे पैसे आल्याचे बोलून सांगणारा डबा होता. तो बसवताना ‘काही लागत नाही’ असे सांगितले गेले होते. पुढे त्याचे दरमहा 125 रुपये आणि वर जीएसटी सुरू झाला, तो मी निमूटपणे भरत राहिलो. पावसाळ्याच्या तोंडावर कंपनीचा एक तरुण आला, जुना डबा उचलला आणि फोन टेकवून पैसे घेणारे नवे यंत्र ठेवून म्हणाला, “काका, माळशेजला जाणारे लोक आता स्कॅन करत नाहीत, टॅप करतात. भाडे तेच राहील.” भाडे 299 रुपये अधिक जीएसटी झाले. तो तरुण आता फोन उचलत नाही.

साडेतीनशे रुपये ही आपल्या मंत्रालयाच्या दृष्टीने रक्कमच नव्हे, हे मला मान्य आहे. माझ्या दृष्टीने ती कशी दिसते, एवढेच सांगतो. अर्ध्या लिटर दुधाच्या पिशवीमागे मला दीड रुपया सुटतो, म्हणजे पहाटे पाचला दुकान उघडून मी महिन्यात ज्या पिशव्या विकतो, त्यांपैकी सव्वादोनशेहून अधिक पिशव्यांची कमाई या यंत्राच्या पोटात जाते. दूध नासले तर ते माझे, फ्रीजचे वीजबिल माझे, उधारी बुडाली तर तीही माझीच. मात्र यंत्राचे भाडे माझ्या हाती पैसे येण्याआधीच कापले जाते. घरमालकसुद्धा एवढी घाई करत नाही.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. 1 जानेवारी 2020 पासून रुपे डेबिट कार्ड आणि यूपीआय यांवरचा एमडीआर, म्हणजे दुकानदाराकडून बँकेने घ्यायचा टक्का, आपल्या सरकारने शून्यावर आणला. पेमेंट अँड सेटलमेंट सिस्टिम्स कायद्याच्या कलम 10-अ प्रमाणे या माध्यमांसाठी बँकेला किंवा यंत्रणा चालवणाऱ्याला प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष शुल्क लावता येत नाही. जून 2025 मध्ये यूपीआयवर शुल्क येणार अशी चर्चा उठली, तेव्हा आपल्या मंत्रालयाने ती खोटी, निराधार आणि दिशाभूल करणारी असल्याचे तत्काळ जाहीर केले. ते वाचून मला बरे वाटले होते. त्याच रात्रीच्या सेटलमेंटमधून डब्याचे भाडे कापले गेले, हा योगायोग समजावा. रस्त्यावर टोल नाही अशी पाटी लावायची आणि चालण्यासाठी चपला मात्र भाड्यानेच घ्यायला लावायच्या, असा हा कारभार आहे. साउंडबॉक्स घेण्याची सक्ती नाही, असे उत्तर मला तयार मिळेल. सणासुदीच्या गर्दीत पैसे आल्याचा आवाज ऐकू न येता, केवळ समोरच्याने दाखवलेल्या मोबाइलच्या पडद्यावर विश्वास ठेवून माल देऊन पाहावा, मग सक्ती कशाला म्हणतात ते कळेल.

हा सगळा डोलारा कोणाच्या पैशावर उभा आहे, हे मी माझ्या परीने ताडून पाहिले. व्यवहाराला खर्च येतो. बँकेचा संगणक, यूपीआय चालवणाऱ्या नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशनची यंत्रणा, ॲप चालवणाऱ्यांचे पगार हे आकाशातून पडत नाहीत. रिझर्व्ह बँकेच्या गव्हर्नरांनीही 2025 मध्ये स्पष्ट सांगितले की हा खर्च कोणाला तरी सोसावाच लागेल. शुल्क शून्य केल्यावर सरकारने बँकांना प्रोत्साहन अनुदान दिले. 2023-24 साठी ते सुमारे 3,600 कोटी रुपये होते, 2024-25 साठी 1,500 कोटींवर आले. लहान दुकानदाराच्या 2,000 रुपयांपर्यंतच्या व्यवहारावर 0.15 टक्के, असा त्याचा हिशेब आहे आणि ते जाते दुकानदाराच्या बँकेकडे, तिथून वाटले जाते इतर बँका आणि ॲपवाल्यांत. योजनेच्या नावात लहान दुकानदार, पैशात नाही.

याच्या शेजारी माझा हिशेब मांडतो. देशभर असे डबे एक कोटी आहेत असे धरू. दोन कोटीही असतील, मी मोजायला गेलेलो नाही. डब्यामागे सरासरी शंभर रुपये भाडे धरले, तर वर्षाला 1,200 कोटी होतात. म्हणजे सरकारने बँकांना जेवढे दिले, जवळजवळ तेवढेच चहावाल्यांनी, भाजीवाल्यांनी आणि माझ्यासारख्या किराणावाल्यांनी गुपचूप भरले. अनुदान घटले आणि भाडे वाढले, यात काही संबंध नाही असे आपल्या अधिकाऱ्यांनी सांगितले, तर मी बी.कॉम.ची पदवी परत करीन. त्यात भर म्हणजे याच सेटलमेंटचे आकडे पाहून कंपनी कर्ज देऊ करते आणि त्याचा हप्ता रोजच्या रोज गल्ल्यातून कापून घेते. पैसे पोचवणे हा यांचा धंदाच राहिलेला नाही. ते आमिष आहे. धंदा भाड्याचा आणि कर्जाचा आहे.

फोन टेकवण्याचा प्रकार तर याच्याही पुढचा आहे. पर्यटकाने फोन यंत्राला टेकवला की आत कोणते कार्ड आहे, ते मला कळत नाही. डेबिट कार्डावरच्या शुल्काला रिझर्व्ह बँकेने 1 जानेवारी 2018 पासून मर्यादा घातली. वर्षाला 20 लाखांपर्यंत उलाढाल असणाऱ्या दुकानदाराला कमाल 0.4 टक्के. क्रेडिट कार्डाला अशी मर्यादाच नाही. त्यामुळे बिस्किटे, पाण्याच्या बाटल्या आणि रेनकोट घेऊन गाडीत बसणाऱ्या माणसाला त्याची बँक बक्षीस गुण देते आणि माझ्या आधीच तुटपुंज्या नफ्यातून जवळजवळ दोन टक्के निघून जातात. ग्राहकाकडे ते मागावेत तर तो माझ्याकडे चोर असल्यासारखा पाहतो.

आणि ज्याची आम्हाला खरी गरज होती, ते कोठे आहे? सप्टेंबर 2023 मध्ये मुंबईत यूपीआय लाइट एक्स मोठ्या थाटात जाहीर झाले. दोन्हीकडे इंटरनेट नसले तरी फोनला फोन टेकवून पैसे जातील, असे ते तंत्र. घाटाच्या वाटेवर रेंज जाते, पावसात टॉवर बंद पडतो, तिथे यापेक्षा उपयोगी काय असणार? माझ्या गल्ल्यावर आजवर एकाही ग्राहकाने ते वापरलेले नाही आणि ते समजावून द्यायला एकही तरुण माझ्या दारी आला नाही. कारण उघड आहे. त्यात कोणालाच टक्का मिळत नाही. टक्का देणारा टॅप मोटारसायकलवर बसून दुकानापर्यंत येतो. फुकटचा टॅप व्यासपीठावरच राहतो.

आमच्या तालुक्याला हे नवे नाही. नोटाबंदीनंतर डिसेंबर 2016 मध्ये याच तालुक्यातले धसई हे राज्यातले पहिले रोकडरहित गाव म्हणून गाजले. राज्याचे अर्थमंत्री आले, वडापावच्या गाडीवर कार्ड घासतानाची छायाचित्रे छापून आली. डेबिट कार्डावरचे शुल्क तेव्हाही माफ होते, 31 डिसेंबर 2016 पर्यंत! पुढे तिथे रोखीचे व्यवहार परतल्याच्या बातम्या आल्या, त्या पाहायला कोणी मंत्री आले नाहीत.

राग आता केवळ भाड्याचा राहिलेला नाही. जुलै 2025 मध्ये कर्नाटकात लहान विक्रेत्यांना यूपीआयच्या नोंदी पाहून जीएसटीच्या नोटिसा गेल्या आणि बेंगळुरूच्या दुकानांवर ‘फक्त रोख’ अशा पाट्या लागल्या. गल्ल्यात किती आले हे शासनाला पैशापैशाने दिसते; त्यातून किती कापले गेले हे दिसणारा विभाग अजून स्थापन व्हायचा आहे. खुद्द सरकारची, रेल्वेची तिकिटे विकणारी आयआरसीटीसी यूपीआयने काढलेल्या तिकिटावरही 10 किंवा 20 रुपये सुविधा शुल्क घेते. तिला सोय पुरवल्याचे पैसे मिळतात आणि मी सोय पुरवल्याचे पैसे भरतो. दोन परदेशी मालकीच्या ॲपच्या हाती यूपीआयचे 80 टक्क्यांच्या आसपास व्यवहार आहेत. कोणाकडेही 30 टक्क्यांहून अधिक नकोत, असा नियम 2020 मध्ये झाला. त्याची मुदत आधी 2022, मग 2024 आणि आता 31 डिसेंबर 2026 अशी सरकत गेली. मला जीएसटी विवरणपत्राला एक दिवस उशीर झाला तर विलंब शुल्क लागते. तक्रार करावी तर बँक म्हणते कंपनीला विचारा, कंपनीचा यंत्रमानव इंग्रजीत ‘अजून काही मदत हवी का’ असे विचारून संभाषण बंद करतो, आणि यंत्र परत करायचे तर दुकान बंद ठेवून कल्याण गाठा.

यूपीआयवर शुल्क नको, असे माझे म्हणणे नाही, हे वाचून कदाचित आपल्याला आश्चर्य वाटेल. मोठी मॉल, विमान कंपन्या, ऑनलाइन बाजार यांच्याकडून उघडपणे ठरलेला टक्का घ्या. ब्राझीलमध्ये पिक्स हे यूपीआयसारखे माध्यम व्यक्तींना फुकट असले तरी व्यवसायांकडून शुल्क घेण्याची बँकांना मुभा आहे आणि त्यामुळे ती व्यवस्था बुडालेली नाही. त्या बदल्यात लहान दुकानदाराच्या यंत्राच्या भाड्याला रिझर्व्ह बँकेने कमाल मर्यादा घालावी, मराठीत लिहिलेल्या आणि सही केलेल्या संमतीपत्राशिवाय यंत्र बदलता वा भाडे वाढवता येऊ नये, आणि क्रेडिट कार्डाच्या टॅपवरही डेबिटसारखी मर्यादा यावी. निमशहरी आणि ग्रामीण भागांत यंत्रे बसवण्यासाठी रिझर्व्ह बँकेच्या निधीतून अनुदान दिले गेले आणि ऑक्टोबर 2023 मध्ये साउंडबॉक्सचाही त्यात समावेश करण्याचे जाहीर झाले. अनुदान घेतलेल्या यंत्राचे पूर्ण भाडे आकारले गेले का, याची तपासणी करायला तर नवा कायदाही लागत नाही.

तूर्त एका प्रश्नाचे लेखी उत्तर द्यावे. यूपीआयचे पैसे आल्याचे सांगणाऱ्या डब्याचे दरमहा कापले जाणारे भाडे हे कलम 10-अ मधले अप्रत्यक्ष शुल्क आहे की नाही? ‘होय’ असेल तर ते थांबवा. ‘नाही’ असेल तर तसे आपल्या सहीने जाहीर करा, म्हणजे यूपीआय फुकट असल्याच्या पुढच्या जाहिरातीशेजारी ते उत्तर मला दुकानात लावता येईल.

आपला,
एक किराणा दुकानदार
मुरबाड, जिल्हा ठाणे