सांगून काढवून घेतलेल्या चित्राचा मालक कोण?

मा. केंद्रीय वाणिज्य व उद्योग मंत्री,
भारत सरकार, नवी दिल्ली

महोदय,
सविनय नमस्कार, विनंती विशेष.

मी चित्रकार आहे. पुस्तकं, दिनदर्शिका, माहितीपत्रकं यांसाठी चित्रं काढून देते, त्यावर माझं घर चालतं. उरलेल्या वेळात माझी स्वतःची चित्रं काढते. त्यातली काही प्रदर्शनात विकली जातात, बरीचशी भिंतीला टेकून उभी असतात. कॉपीराइटचा कायदा आपल्या मंत्रालयाकडे आहे, म्हणून हे पत्र सांस्कृतिक खात्याऐवजी आपल्याला लिहिते आहे.

आम्हा चित्रकारांत एक वाद कायम चालतो. गिऱ्हाइकाचं काम करतो तो कारागीर आणि मनाचं करतो तो कलावंत, असं म्हणणारे पुष्कळ आहेत. मला ते कधीच पटलं नाही. राजा रविवर्म्यांनी बडोद्याच्या सयाजीराव महाराजांसाठी चित्रं काढली आणि १८९४ मध्ये मुंबईत स्वतःचा छापखाना काढून आपली चित्रं घरोघरी पोचवली. धुरंधरांनी पोस्टकार्डांसाठी आणि पुस्तकांसाठी चित्रं काढून दिली, म्हणून त्यांचं मोठेपण तसूभरही कमी झालं नाही. दुसऱ्याला काय हवंय ते नीट ऐकून घेऊन त्यात आपला हात राखायचा, हे सोपं काम नाही, आणि मी ते आवडीने करते.

खरा फरक पडतो तो चित्र हातातून गेल्यावर. मनाने काढलेलं चित्र मी विकलं तरी त्याचा कॉपीराइट माझ्याकडेच राहतो. घेणाऱ्याच्या घरी कागद जातो, पण त्याच्या प्रती छापायच्या तर त्याला मला विचारावं लागतं. तेच चित्र कुणी सांगितलं म्हणून पैसे घेऊन काढलं आणि वेगळा करार केला नाही, तर १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १७ मधल्या एका पोटकलमाप्रमाणे त्याचा पहिला मालक काम सांगणारा ठरतो. म्हणजे माझा हक्क मी विकलेला नसतोच, तो मुळात माझ्याकडे आलेलाच नसतो.

हे मला कळलं ते असं. काही वर्षांपूर्वी एका कंपनीच्या दिनदर्शिकेसाठी मी बारा जलरंगचित्रं केली. एका पानावर खिडकीपाशी बसून सुईत दोरा ओवणारी म्हातारी होती. तिचे हात माझ्या आईचे. आईच्या उजव्या अंगठ्याचं नख लहानपणी दारात सापडून कायमचं दुभंगलं आहे. ती फट काढायला कागद पुरता वाळू द्यावा लागला, नाहीतर रंग पसरायचा. तेवढं एक नख मी तीनदा केलं. व्यवहार तीन ओळींच्या ईमेलवर झाला होता: चित्रं बारा, रक्कम इतकी, अमुक तारखेपर्यंत. पैसे चार महिने उशिरा आले, पण आले.

दोन वर्षांनी ती म्हातारी मला एका कापडी पिशवीवर दिसली. मग एका डब्यावर. मग रस्त्यावरच्या भल्यामोठ्या फलकावर, आणि तिथे मजकुराला जागा व्हावी म्हणून चित्राचा खालचा भाग कापला होता. सुई गेली, दोरा गेला, हात गेले. मान खाली घालून बसलेली एक बाई तेवढी उरली. मी फोन केला. पलीकडचा माणूस अजिबात उर्मट नव्हता. "मॅडम, तुमचं पेमेंट तर क्लिअर झालंय ना?" एवढंच त्याने विचारलं. वकिलांकडे गेले तेव्हा कलम १७ पहिल्यांदा वाचलं.

त्याच दिनदर्शिकेत प्रत्येक चित्राखाली आठ-दहा ओळींचा ललित मजकूर होता. तोही बाहेरच्या लेखिकेकडून, पैसे देऊन लिहून घेतलेला. तिच्या मजकुराचा कॉपीराइट मात्र तिच्याकडेच राहिला, कारण ते पोटकलम रंगचित्र, व्यक्तिचित्र, छायाचित्र, उत्कीर्ण चित्र आणि चित्रपट यांनाच लागू आहे, लिखाणाला नाही. गिऱ्हाईक एक, पान एक, कामाची पद्धत एक. ओळी जिच्या त्या तिच्या, आणि वरचं चित्र कंपनीचं. याचं कारण मी पुष्कळांना विचारलं, पटेल असं उत्तर कुणी दिलं नाही.

बरं, कलाकाराची काळजी या कायद्यात नाही असंही नाही. कलम १९ सांगतं की हक्क देताना मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरावी, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत धरावा. फार चांगली तरतूद आहे. पण ती हक्क देणाऱ्यासाठी आहे. ज्याच्याकडे हक्क आलाच नाही त्याला तिचा काय उपयोग?

"मग करार करून घ्यायचा ना," असं आम्हाला नेहमी ऐकवलं जातं. महोदय, काम फोनवर येतं. "सोमवारपर्यंत द्याल ना?" या प्रश्नाला उलट "आधी कागद करू" म्हटलं, तर काम दुसऱ्याकडे जातं, आणि त्या दुसऱ्याचंही घर त्याच कामावर चालत असतं, त्याला दोष कसा देऊ? आज काहीच लिहिलं नाही तर सगळं गिऱ्हाइकाला मिळतं, म्हणून कागद करण्याची त्याला गरजच नाही. नियम उलटा करा. काहीच लिहिलं नाही तर ठरलेल्या कामापुरता वापर गिऱ्हाइकाचा आणि बाकी हक्क चित्रकाराचा, असं धरा. मग ज्याला पिशवीवर, डब्यावर चित्र हवं असेल तो स्वतःहून कागद घेऊन येईल, आणि त्या कागदावर मला निदान आकडा तरी सांगता येईल.

यात अघटित असं काही नाही. ब्रिटनमध्येही काम सांगून करून घेणाऱ्याकडे हक्क देणारा नियम होता. तिथे १९८८ च्या कायद्याने तो काढून टाकला. आपल्याकडेही २०१२ च्या दुरुस्तीने संसदेने चित्रपटांच्या गीतकार-संगीतकारांना रॉयल्टीतला वाटा राखून दिला. त्यांची बाजू राज्यसभेत मांडायला जावेद अख्तर होते. आमचं कुणी तिथे नाही, म्हणून हे पत्र.

आणखी एक. सरकार स्वतःही आमचं गिऱ्हाईक आहे, मोठं गिऱ्हाईक. अमरनाथ सहगल यांच्याकडून सरकारने दिल्लीच्या विज्ञान भवनासाठी ब्राँझचं भित्तिशिल्प करून घेतलं आणि १९७९ मध्ये ते उतरवून गोदामात टाकलं. त्याची मोडतोड झाली. कॉपीराइट कुणाकडेही असला तरी कलाकृतीची मोडतोड झाल्यास कलाकाराला दाद मागू देणाऱ्या कलम ५७ चा आधार घेऊन दिल्ली उच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला तो २००५ मध्ये: उरलेलं शिल्प परत करा आणि पाच लाख रुपये भरपाई द्या. एवढ्या नामवंत शिल्पकाराला इतकी वर्षं लागली, तर फलकावर कापलेल्या हातांसाठी मी कुठे जाऊ?

बोधचिन्हांच्या स्पर्धांचंही तसंच आहे. स्वच्छ भारतचा चष्मा कोल्हापूरच्या एका कलाकाराने काढला, पन्नास हजारांचं बक्षीस मिळालं, आज तो चष्मा आपल्या प्रत्येकाच्या खिशातल्या नोटेवर आहे. त्याचा मान मोठा, याबद्दल दुमत नाही. पण स्पर्धेत ज्यांचं निवडलं जात नाही त्यांनी रात्री जागून केलेल्या कामाचा एक रुपयाही मिळत नाही. इमारत बांधायची तर खाती शंभर ठेकेदारांकडून फुकट इमारती बांधून घेऊन त्यातली एक निवडत नाहीत. चार-पाच जणांना बोलवावं, कच्च्या कामाचे पैसे द्यावेत, मग निवडावं.

थकलेल्या पैशांबद्दल फार लिहीत नाही. लघुउद्योगांच्या २००६ च्या कायद्यात पंचेचाळीस दिवसांची मर्यादा आहे, उशिरावर व्याजही आहे. पण तक्रार नोंदवायची म्हणजे त्या गिऱ्हाइकाचं दार कायमचं बंद करायचं, म्हणून आमच्यातलं सहसा कुणी नोंदवत नाही. निदान सरकारी खात्यांनी तरी तक्रारीची वाट न बघता ती मर्यादा पाळावी.

माझी मुख्य मागणी एकच आहे: कलम १७ मधलं ते पोटकलम बदला, आणि बदलताना प्रकाशक, जाहिरात कंपन्या यांच्याबरोबर चित्रकार आणि छायाचित्रकारांनाही चर्चेला बोलवा. भेटीची वेळ दिलीत तर दिनदर्शिकेचं ते पान आणि ती कापडी पिशवी, दोन्ही घेऊन येईन.

कळावे,
आपली नम्र,
एक चित्रकार