बशीतल्या पेशी आणि पार्किन्सनचे औषध

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

पार्किन्सनवर औषध सापडल्याच्या बातम्या वृत्तपत्रांत अधूनमधून ठळकपणे येतात आणि ती कात्रणे घेऊन रुग्णांचे नातेवाईक डॉक्टरांकडे धाव घेतात. यांतल्या बऱ्याच प्रयोगांत रुग्ण नसतोच. प्रयोगशाळेतील बशीत वाढवलेल्या पेशी आणि त्यांत प्लाझ्मिडद्वारे, म्हणजे वर्तुळाकार डीएनएद्वारे, घातलेले मानवी जनुक, एवढाच त्यांचा पसारा असतो. बातमीत हे स्पष्ट लिहिले जावे, यासाठी हे पत्र.

अल्फा-सिन्यूक्लीन हे १४० अमिनो आम्लांचे प्रथिन आहे. त्यातील ५३व्या जागी ॲलानिनऐवजी थ्रिओनिन आले की पार्किन्सन होऊ शकतो, हे १९९७ मध्ये इटालियन व ग्रीक वंशाच्या काही कुटुंबांच्या अभ्यासातून दिसले. हे सदोष जनुक प्लाझ्मिडमध्ये बसवताना त्याच्या आधी बहुधा सायटोमेगॅलो विषाणूचा प्रवर्तक, म्हणजे जनुक चालू करणारा डीएनएचा तुकडा, जोडलेला असतो. हा प्रवर्तक अतिशय जोरकस असल्याने, पेशीला गरज असो वा नसो, प्रथिन भरमसाट तयार होत राहते. शिवाय ज्या पेशींत ते घालतात त्या अनेकदा एचईके २९३, म्हणजे मूळच्या मानवी भ्रूणाच्या मूत्रपिंडातून वाढवलेल्या असतात, कारण त्या प्लाझ्मिड सहज स्वीकारतात.

आता खरी मेख पाहा. २००३ मध्ये अमेरिकेतील एका कुटुंबात याच जनुकाच्या जादा प्रती आढळल्या. त्यांचे प्रथिन अगदी निर्दोष होते, फक्त प्रमाणापेक्षा जास्त होते, आणि तरीही त्या कुटुंबात पार्किन्सन होता. मग बशीतल्या पेशी मेल्या त्या उत्परिवर्तनामुळे की नुसत्या अतिरेकामुळे? याचे उत्तर हवे असेल तर रिकामे (जनुक न बसवलेले) प्लाझ्मिड आणि निर्दोष जनुकाचे प्लाझ्मिड घातलेल्या पेशी शेजारी ठेवाव्या लागतात आणि सदोष व निर्दोष जनुकांच्या पेशींत प्रथिन सारख्याच प्रमाणात तयार झाले आहे, हे वेस्टर्न ब्लॉटने, म्हणजे प्रथिनाचे प्रमाण दाखवणाऱ्या चाचणीने, तपासावे लागते. चांगले संशोधक हे करतातच. बातमीत मात्र त्याचा मागमूस नसतो. (गंमत अशी की, उंदराच्या याच प्रथिनात ५३व्या जागी मुळातच थ्रिओनिन असते आणि उंदराचे त्यामुळे काही बिघडत नाही.)

यात प्लाझ्मिडला कमी लेखण्याचा हेतू नाही. डीएनएतील एकच अक्षर बदलून बाकी सारे तसेच ठेवता येणे, ही सोय नसती तर या प्रथिनाच्या गुठळ्या कशा होतात, हे तपासणे फार कठीण झाले असते. परंतु अशा पेशींवर एखादे रसायन लागू पडले, तर ते पुढे प्राण्यांवर आणि मग माणसांवर तपासायचे बाकी असते आणि त्या वाटेवर बहुतेक रसायने गळतात.

तरी विज्ञानविषयक बातमीच्या पहिल्याच परिच्छेदात प्रयोग पेशींवर झाला, प्राण्यांवर की माणसांवर, हे सांगावे आणि पेशींवर झाला असल्यास ‘औषध सापडले’ हे शब्द मथळ्यात टाळावेत, ही विनंती.

आपला,
जैवतंत्रज्ञानाचा एक निवृत्त प्राध्यापक, पुणे