बाबांच्या गळ्याचं माप

शांघाय,
रविवार, १२ ऑक्टोबर

ती. बाबा आणि ती. आई यांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

रोज फोन होतो, मग पत्र कशाला, असं बाबा विचारतीलच. फोनवर आपलं काय बोलणं होतं ते तुम्हाला माहीत आहे. जेवलात का, गुडघा कसा आहे, पाऊस आहे का. मग आई म्हणते, "बिल उठत असेल, ठेव आता." फुकट असतं गं, किती वेळा सांगितलं. मला जे विचारायचंय ते फोनवर जमत नाही, आणि बाबा शेजारी बसलेले असताना तर मुळीच नाही. ऑफिसातला एक जण दिवाळीला ठाण्याला येतोय, तो हे पाकीट बदलापूरला आणून देईल.

आधी खालच्या मजल्यावरच्या बाईंबद्दल लिहिते. इथे आईच्या वयाच्या कुठल्याही बाईला 'आयी' म्हणतात, आपण मावशी म्हणतो तसं. चिनी शब्दच तो आहे. नऊ वर्षांपूर्वी जिन्यात पहिल्यांदा त्यांना हाक मारली तेव्हा माझाच आवाज मला कसनुसा वाटला. इतक्या लांब येऊन मी कुणाला आई म्हणतेय? आता सवय झाली. पत्रात घोळ नको म्हणून सांगते: 'आई' म्हणजे आपली, 'आयी' म्हणजे त्या. वय पंचाहत्तर.

भारतात कुठून आलीस, असं त्यांनी विचारलं तेव्हा मी महाराष्ट्र म्हटलं, ते काही कळलं नाही. मग सोलापूरचं नाव काढलं आणि कोटणीसांचं. "के दीह्वा!" त्या ओरडल्याच. डॉ. द्वारकानाथ कोटणीसांचं हे चिनी नाव त्या वयाच्या माणसांना शाळेपासून पाठ. १९३८ मध्ये ते युद्धात सेवा करायला इथे आले आणि १९४२ मध्ये इथेच गेले, एवढं मलाही माहीत होतं. पण आयींची चौकशी वेगळीच. "त्यांच्या बायकोचं काय? मूल केवढं होतं तेव्हा?" को छिंगलान, नर्स होत्या. नवरा गेला तेव्हा मुलगा साडेतीन महिन्यांचा. त्या २०१२ पर्यंत होत्या, सासरच्या माणसांना भेटायला भारतात अनेकदा येऊन गेल्या, असं सांगितलं तेव्हा आयींचं समाधान झालं.

मी राहते ती वस्ती त्साओयांग. १९५१ मध्ये सरकारने कामगारांसाठी बांधायला घेतलेली, शांघायमधली अशी पहिलीच. पहिल्या खेपेला १००२ कुटुंबांना घरं मिळाली, त्यात गिरणीवाले पुष्कळ. (बाबा, गिरणी कामगारांच्या घरांच्या सोडतीतल्या आपल्या अर्जाचा विषय मी मुद्दाम काढत नाहीये.) आयी लहानाच्या मोठ्या इथेच झाल्या. त्यांची आई गिरणीत सूतखात्यात होती. एका खोलीत सहा माणसं, आणि स्वयंपाकघर तीन बिऱ्हाडांत एक. त्या स्वयंपाकघरात तीन दिवे लोंबत असत. प्रत्येक बिऱ्हाडाचा आपला दिवा, आपलं बटण, आपलं बिल. आपण भात टाकला की आपला दिवा लावायचा. शेजारीण आली की ती तिचा लावणार. मग तिच्या उजेडात आपलं काम होतंय म्हणून आपला विझवता येतो, पण तसं कुणी करत नाही, फार वाईट दिसतं. "माझी आई विझवायची," आयी म्हणाल्या आणि हसून हसून त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. आपल्या चाळीत नळावर जे चालायचं ते इथे दिव्यावर चालायचं.

रेशनकार्ड आपल्याला नवं नाही. पण इथे धान्य, तेल, कापड, सगळ्याची कुपनं होती. धान्याची १९५५ मध्ये सुरू झाली ती शांघायमध्ये १९९३ पर्यंत. खिशात पैसे असले तरी कुपनाशिवाय खानावळीत भात मिळत नसे. शांघायमध्ये तर अर्ध्या 'लियांग'चंही कुपन निघालं, म्हणजे २५ ग्रॅमचं. त्यावर एक योउत्याओ मिळायचा, पिठाची तळलेली लांब कांडी, सकाळी खातात ती. आयींनी तसलं एक कुपन डबीत जपून ठेवलंय. बसच्या जुन्या तिकिटाएवढं. या कुपनावरून बाहेरगावचे लोक शांघायकरांना चिक्कू म्हणून हिणवायचे, त्याचा त्यांना अजून राग आहे.

कापडाची कुपनं १९८३ पर्यंत चालली. माणशी वर्षाला मिळणारं कापड पुरायचं नाही, म्हणून शांघायच्या लोकांनी काय केलं, तर शर्टाची फक्त कॉलर शिवली. कॉलर, खाली पुढच्या बाजूला दोन-तीन बटणं बसतील एवढं कापड, मागे वीतभर, आणि दोन्ही बाजूंना काखेखालून जाणारी पट्टी. बाह्या नाहीत, पोट नाही. वरून स्वेटर चढवला की आत कोरा करकरीत शर्ट आहे असं वाटावं. नावच 'खोटी कॉलर'. आयींनी नवऱ्यासाठी शिवलेली एक मला दाखवली. मी ऑफिसात दिवसभर शर्टांच्या कॉलरी तपासते. टोकं सारखी आहेत का, टाका कुठे सुटलाय का, उभ्या पट्टीला सुरकुती आहे का. ही मी उलटी केली, सुलटी केली, उजेडात धरली. एक टाका वाकडा सापडला नाही.

ज्या मशीनवर ती शिवली ते अजून त्यांच्या खिडकीशी आहे. 'फुलपाखरू' छापाचं, वरचं सोनेरी फुलपाखरू झिजून एक पंख उरलेलं. तेव्हा लग्न ठरलं की मुलाकडून सायकल, घड्याळ, शिलाई मशीन आणि रेडिओ आला पाहिजे अशी रीत होती. 'तीन फिरणारी, एक वाजणारा' म्हणायचे. सायकल फिनिक्स असली तर जरा जास्त मान. (बाबा, इथे फिनिक्स म्हणजे सायकल. आपल्याकडे गिरणी होती, आता मॉल.)

आता खरी गोष्ट.

डिसेंबर १९६८ मध्ये माओंचा आदेश निघाला की शिकलेल्या पोरांनी खेड्यात जाऊन शेतकऱ्यांकडून धडे घ्यावेत. सगळ्या देशातून दीड कोटीहून जास्त मुलं-मुली अशी गेली. आयींच्या घरातून दोघं. त्या एकोणीस वर्षांच्या, हैलुंगच्यांगला गेल्या, पार उत्तरेला, रशियाच्या हद्दीकडे. धाकटा भाऊ आन्हुई प्रांतात. त्यांची आई जमेल तेव्हा पार्सल पाठवायची. त्यात भाजलेलं गव्हाचं पीठ, आपल्या सातूच्या पिठासारखं, गरम पाण्यात कालवून खायचं. पिशवी उघडली की अख्ख्या खोलीतल्या मुली वाटी घेऊन यायच्या, म्हणून आयी रात्री पांघरुणात कोरडंच फाकायच्या आणि खोकला आला की पकडल्या जायच्या.

१९७८ मध्ये नियम आला. आईबापांपैकी कुणी निवृत्त झालं तर त्या जागेवर मुलाला नोकरी. एकाच मुलाला. आयींच्या आईला पन्नाशीला, म्हणजे निवृत्तीला, दोन वर्षं बाकी होती. तिने आजारपणाचं सर्टिफिकेट मिळवलं आणि जागा मोकळी केली. त्या जागेवर आयी आल्या. भाऊ आन्हुईतच राहिला, तिथलीच मुलगी केली.

आता हे कसं ठरलं, याच्या तीन कथा आहेत. त्यांची आई शेवटपर्यंत म्हणायची, सूतखात्यात बायका लागतात म्हणून मुलीला आणलं. भाऊ म्हणतो, मीच आईला सांगितलं, ताईला बोलव. यंदा एप्रिलमध्ये छिंगमिंगला, म्हणजे घरच्यांच्या थडग्यांवर जाऊन झाडलोट करतात त्या सणाला, तो आईच्या थडग्यापुढेच नातवंडांना हे सांगत होता. आयी गप्प राहिल्या. मग जूनमध्ये आम्ही दोघी घेवड्याच्या शेंगा मोडत बसलो होतो. मान वर न करता म्हणाल्या, "मी आईला पत्र लिहिलं होतं. मला नाही आणलंस तर इथल्याच कुणाशी लग्न लावून घेईन, मग मी कायमची गेले समज." या पत्राचं भावाला माहीत नाही. मी विचारलं, सांगणार का त्याला? दोन शेंगा मोडल्या आणि म्हणाल्या, "शेहेचाळीस वर्षं तो मोठ्या मनाचा माणूस म्हणून जगलाय. ते त्याच्याकडून काढून घेऊ?"

त्यांच्या मुलीलाही सांगितलेलं नाही. ती १९८१ची, एकच मूल हे धोरण देशभर लागू झालं त्याच्या पुढच्याच वर्षीची, त्यामुळे एकुलती एक. (तिच्या वेळच्या बाळंतपणाची हकीकत ऐकून मला हसू आलं. महिनाभर गार पाण्याला हात नाही, न्हाणं नाही, आलं, काळा गूळ आणि अंडी. आई, तुमचं दोघींचं यावर एकमत झालं असतं, फक्त अळिवाचे लाडू नाहीत म्हणून तू नाक मुरडलं असतंस.) मुलगी आता कॅनडात असते. "ती कधी विचारत नाही," आयी म्हणाल्या, "तू परकी आहेस म्हणून तुझ्याशी बोलले." मला लागलं ते. त्या मुलीला नावं ठेवणार होते, पण तोंड उघडलं नाही. मीही कुणाची तरी कॅनडातलीच मुलगी आहे.

१९९६ मध्ये आयींची नोकरी गेली. काढून टाकलं असं म्हणत नसत, 'श्यागांग' म्हणत, जागेवरून खाली उतरणं. आदल्याच वर्षी एका विमान कंपनीने गिरणीतल्या बायकांमधून १८ हवाईसुंदऱ्या निवडल्या होत्या. 'हवाई वहिनी' म्हणून पेपरात फोटो आले. "लाखो घरी बसल्या, अठरा उडाल्या," आयी म्हणतात. १९९८च्या जानेवारीत सूत कातायच्या जुन्या चात्या घणाने फोडण्याची सुरुवात शांघायमधूनच झाली, ते टीव्हीवर दाखवत होते. त्यांनी टीव्ही बंद केला. पुढे दहा वर्षं दिवसा एका शाळेच्या मुदपाकखान्यात भाज्या चिरल्या आणि रात्री त्या फुलपाखरू मशीनवर लोकांचे पडदे आणि उशांचे अभ्रे शिवले. मुलीचं शिक्षण त्यावर झालं.

आणि इथेच मी अडकते. त्यांच्या घरात गिरणी गेली आणि मशीन राहिलं. आपल्याकडे गिरण्यांचा संप चालू असतानाच आईचं शिलाई मशीन गेलं. ते कसं?

१८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला तेव्हा मी चार वर्षांची. पण मशीन गेलं तो दिवस मला आठवतो. पावसाळा होता. दोन माणसं ते जिन्यावरून उतरवत होती, चाक आपोआप उलटं फिरत होतं आणि खालून कुणीतरी ओरडत होतं, "पट्टा काढा रे आधी!" आई, तू दारात होतीस आणि पदराखाली बॉबिनची डबी धरली होतीस. ती डबी अजून घरात आहे, बटणं ठेवतेस तू त्यात. ती का नाही दिलीस मशीनबरोबर?

बाबा म्हणतात, गंजलं होतं. गंजलेलं मशीन रात्री बारापर्यंत चालत नाही, बाबा. त्या आवाजात मी झोपायचे, तो बंद पडला की जागी व्हायचे. काका म्हणतो, खोलीचं भाडं थकलं होतं. आजीला एकदा विचारलं तर म्हणाली, "तुझ्या बापाला बघवत नव्हतं," आणि उठून आत गेली. आई, तू आजवर काहीच म्हणाली नाहीस. विषय निघाला की तुला गॅसवर काहीतरी आठवतं.

मला भांडण लावायचं नाही. कोण खरं हेही ठरवायचं नाही, मला फक्त तुमच्या दोघांच्या तोंडून ऐकायचंय. बाबा, तुम्ही लिहा. अक्षर चांगलं आहे, वेळ आहे, आणि संपाबद्दल तुम्ही तासभर बोलता पण त्यात आपलं घर कुठेच येत नाही. आईला लिहायचा कंटाळा. तर आई, बाबा सकाळी कट्ट्यावर जातात तेव्हा, साडेसात ते साडेआठ, मी फोन करीन. इथे तेव्हा दहा वाजलेले असतात. बिल उठत नाही.

एक काम आहे. बाबाही गिरणीतले, हे आयींना कळल्यावर त्यांनी खातं विचारलं. साचेखातं, मागांच्या खडखडाटातलं, असं म्हटल्यावर लगेच म्हणाल्या, "म्हणजे मोठ्याने बोलत असणार." त्यांना बाबांसाठी खोटी कॉलर शिवायची आहे. बदलापुरात स्वेटर कोण घालतो, हे मी सांगून दमले. ऐकत नाहीत, पांढरं कापड काढूनही ठेवलंय. त्यांना गळ्याचं माप हवंय. शर्टावरचा नंबर चालणार नाही म्हणतात. दोरा गळ्याभोवती घ्यायचा, आत दोन बोटं ठेवायची आणि तिथे गाठ मारायची. आई, हे तूच कर, बाबा स्वतः घेतील तर आखडून घेतील. दोरा पाकिटात घालून त्या मुलाकडे दे, तो २७ ला परत निघतोय.

तुमची,
बाय