एप्पीने योग्यच केले

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीत जॉर्ज इलियटच्या ‘सायलस मार्नर’ या इंग्रजी कादंबरीवर आलेला लेख वाचला आणि काल दिवसभर तो डोक्यातून गेला नाही. रॅव्हलो गावाच्या वर्णनाविषयी लेखकांनी जे लिहिले आहे ते मान्य. कादंबरीत एप्पी ही मुलगी, आपल्याला वाढवणाऱ्या विणकर सायलसला सोडून श्रीमंत जन्मदात्याकडे, गॉडफ्री कॅसकडे, जायला नकार देते. पण हा नकार भाबडा आहे आणि पश्चात्ताप झालेल्या गॉडफ्रीवर अन्याय झाला आहे, हे लेखात वाचून राहवले नाही. लेखकांनी नववर्षाच्या आदल्या रात्रीचे प्रकरण कृपया पुन्हा वाचावे.

बर्फात एक बाई पडली आहे. ती आपली जगापासून लपवलेली बायको आहे हे गॉडफ्रीला ठाऊक आहे. त्याला भीती वाटते ती एकाच गोष्टीची, ती कदाचित मेली नसेल याची! पोटची मुलगी सायलसच्या मांडीवर आहे आणि हा तिच्या कपड्यांसाठी म्हणून अर्धी गिनी काढून देतो. पुढे सोळा वर्षे गप्प. खाणीतले पाणी आटून भावाचा सांगाडा आणि सायलसचे चोरीला गेलेले सोने सापडते, तेव्हा कुठे तो दुसऱ्या बायकोला, नॅन्सीला, खरे सांगतो आणि मुलगी मागायला जातो. सायलस त्याला विचारतो, हे सोळा वर्षांपूर्वी का नाही बोललात? या प्रश्नाला गॉडफ्रीकडे उत्तर नाही, आणि आपल्या लेखात तर तो प्रश्नच नाही.

आपल्या मुलाचे, आरॉनचे, लहानपणचे कपडे धुऊन गावातली डॉली विन्थ्रॉप घेऊन आली, बाळाला न्हाऊ कसे घालायचे ते तिने दाखवले. पोर पळू नये म्हणून सायलसने तिला कापडाच्या पट्टीने मागाला बांधले, तर तिने कात्रीने पट्टी कापून धूम ठोकली. यातला एक तरी दिवस गॉडफ्रीच्या वाट्याचा आहे का?

मला हे इतके लागले त्याला कारण आहे. मी दीड वर्षाची असताना माझी आई गेली. वडिलांनी दुसरा संसार मांडला आणि मला नारायण पेठेतल्या वाड्यात, शिवणकाम करणाऱ्या शेजारच्या काकूंकडे ठेवले ते ठेवलेच. काकू विधवा, आमच्या नात्याच्या ना गोत्याच्या. १९६१ साली पानशेतचे पाणी वाड्यात शिरले तेव्हा मशीन तिथेच सोडून त्या मला कडेवर घेऊन बाहेर पडल्या. पुढे हप्त्याने दुसरे मशीन घेऊन, लोकांची परकर-पोलकी शिवून त्यांनी मला पदवीपर्यंत शिकवले. माझे लग्न ठरल्यावर वडील आले. एरंडवण्यात बंगला झाला होता. खर्च सगळा मी करतो, कन्यादान मात्र मी करणार, म्हणाले. काकू एवढेच बोलल्या, “तुझं तू ठरव.” मी नाही म्हटले. विधवेच्या हातून कन्यादान होणार नाही असे भटजींनी सांगितल्यावर आम्ही नोंदणी पद्धतीने लग्न केले आणि साक्षीदार म्हणून काकूंची सही घेतली. तेव्हा नातेवाइकांनी मला जे ऐकवले, रक्ताची ओढ नाही, उपकारांनी आंधळी झाली, जवळपास तेच आपल्या लेखात एप्पीबद्दल छापून आले आहे. एप्पीने डोळे उघडे ठेवून निवड केली आहे. श्रीमंत घर समोर असताना तिने विणकराचे खोपटे निवडले, कारण तिचे घर तेच होते.

शेवटी सगळे हिशोब चुकते होतात, हे लेखातले विधानही चूक आहे. चोरीचा खोटा आळ घेऊन सायलसला त्याच्या जुन्या शहरातल्या ज्या धर्मपंथाच्या वस्तीतून, लँटर्न यार्डातून, घालवले, तिथे तो एप्पीला घेऊन जातो तेव्हा त्या जागी कारखाना उभा असतो. आळ खोटा होता हे तिथे कोणाला कळले की नाही, ते त्याला शेवटपर्यंत समजत नाही.

आणखी एक. जॉर्ज इलियट हे टोपणनाव आहे. १८६१ मध्ये ही कादंबरी लिहिणारी बाई होती, तिचे नाव मेरी अ‍ॅन इव्हान्स. लेखात तिचा उल्लेख पहिल्यापासून शेवटपर्यंत पुरुष म्हणून आहे. छापण्यापूर्वी हे कोणीच वाचत नाही का? पुस्तकांचे पान आधीच फ्लॅटच्या जाहिरातींनी अर्धे केले आहे, उरलेल्या अर्ध्यात तरी एवढी काळजी घ्यावी.

दुरुस्ती छापावी आणि त्याच पानावर एप्पीची बाजू मांडणारा लेखही यावा, ही आग्रहाची विनंती.

आपली,
एक जुनी वाचक, पुणे