प्ला थूला बांगडा म्हणू नये

बँकॉक, ६ ऑक्टोबर

ती. आई आणि ती. बाबांस,
शि. सा. नमस्कार, वि. वि.

आई, नोव्हेंबरात महिनाभर इथे राहायला आल्यावर बाजार तूच करणार, असे तू फोनवर सांगितलेस आणि लगेच 'पण तिथे मी मुकी आणि बहिरी' असेही म्हणालीस. म्हणून हे पत्र मुद्दाम कागदावर लिहिते आहे, म्हणजे ते पिशवीत घालून नेता येईल. मराठी नावाचे इंग्रजी करायचे, इंग्रजीचे थाई करायचे, असा द्राविडी प्राणायाम केला की भलतेच काहीतरी पदरात पडते; त्यामुळे इथली वस्तू इथल्याच नावाने ओळखायची, हे मी दोन वर्षांत पुष्कळ पैसे वाया घालवून शिकले.

माझी पहिली फजिती बांगड्यापायी झाली. ख्लोंग तोईच्या बाजारात बांबूच्या चपट्या गोल करंड्यांत दोन-दोन, तीन-तीन मासे मान मुडपून बसवलेले दिसतात, ते 'प्ला थू'. 'प्ला' म्हणजे मासा, आणि बहुतेक माशांच्या नावाआधी तो शब्द येतोच. मी ते बांगडे समजून आणले आणि तुझ्या पद्धतीने तिखले करायला घेतले, तर ते आधीच वाफवलेले निघाले आणि पातेल्यात त्यांचा भुगा झाला. करंडीत मावावेत म्हणून त्यांची मान वाकवतात, आणि 'तोंड वाकडे, मान मोडकी' हीच समुत सोंख्राम प्रांतातील मे क्लोंगच्या नावाजलेल्या प्ला थूची खूण सांगितली जाते. हा बांगड्याचा भाऊच, पण अंगाने आखूड आणि रुंद; आपला खरा बांगडा इथे 'प्ला लांग' म्हणून मिळतो. तिखले करायचे असेल तर प्ला लांग माग, नाहीतर 'प्ला थू सोत' म्हण. 'सोत' म्हणजे ताजा, न वाफवलेला.

बाकीच्या ओळखीच्या मंडळींत सुरमई म्हणजे 'प्ला इन्सी', रावस म्हणजे 'प्ला कुलाव' आणि पापलेट म्हणजे 'प्ला चालामेत'. त्यापुढे 'खाव' म्हटले तर पांढरे आणि 'दाम' म्हटले तर काळे, म्हणजे आपला हलवा. जिताडा 'प्ला कफोंग खाव' या नावाने जागोजागी मिळतो. मुडदुशीला दोन नावे आहेत. एक 'प्ला साय', म्हणजे वाळूतला मासा, आणि दुसरे 'प्ला हेत खोन', जे मला फार आवडले, कारण 'हेत खोन' म्हणजे पावसाळ्यात वारुळावर उगवणारी अळंबी. एकाच नावात श्रावणाआधीचे आणि श्रावणातले असे दोन्ही जिन्नस!

बाबांसाठी 'प्ला निन'ची गोष्ट. हा तिलापिया मासा १९६५ साली जपानचे तेव्हाचे युवराज अकिहितो यांनी राजे भूमिबोल यांना भेट पाठवला. पन्नास मासे होते, ते राजवाड्याच्या तळ्यात वाढवले गेले आणि पुढे त्यांची पैदास देशभर पोहोचली. नाव लिहिताना 'निल' असते, पण थाईत शब्दाच्या शेवटचा 'ल' हा 'न' होतो. चवीला मात्र, बाबा, तो तुम्हाला मुळीच आवडणार नाही. खारे पाणी न पाहिलेला मासा तुम्ही ताटात ओळखताच.

उच्चारांत आपल्याला एक सोय आहे. थाई मुळाक्षरांतले पहिले अक्षर कोंबडीचे, 'काय', आणि दुसरे अंड्याचे, 'खाय'. क आणि ख यांत गोऱ्या लोकांची गडबड होते, आपली होत नाही. पण सूर आपल्याला दगा देतात. खेकडा म्हणजे 'पू' (आपल्या कानाला कसाही लागो), पण तोच शब्द खालच्या सुरात उच्चारला की त्याचा अर्थ वडिलांचे वडील असा होतो. निळसर नक्षीच्या समुद्री खेकड्याला 'पू मा', म्हणजे घोडा-खेकडा, म्हणतात. तिथे 'मा'चा सूर चुकला तर त्याचे कुत्रे होते. खाडीतली, चिखलातली चिंबोरी मात्र 'पू थले', म्हणजे समुद्राचा खेकडा. हे नाव कोणी ठेवले कोण जाणे. त्यामुळे बोलताना बोटही दाखवत जा.

भाजीत एवढी अडचण नाही. टोमॅटो म्हणजे 'मखुआ थेत', परदेशी वांगे; 'थेत' हा आपला 'देश'च. आणि विलायती चिंच म्हणजे 'मखाम थेत', अगदी शब्दशः विलायती चिंच! शेपूला 'फाक ची लाव', म्हणजे लाओसची कोथिंबीर, म्हणतात, हादग्याची फुले 'दोक खे' म्हणून मिळतात, आणि लवंगीसारख्या इवल्या मिरचीला 'फ्रिक खी नू', म्हणजे उंदराच्या लेंडीची मिरची, म्हणतात. 'कफ्राव' पाहून मात्र हात जोडू नकोस. ती तुळस आहे आणि इथे ती लसूण-मिरचीबरोबर मांसात परततात. पाटीवरचा आकडा फारच स्वस्त वाटला तर तो किलोचा नसून 'खीत'चा, म्हणजे १०० ग्रॅमचा, नाही ना, एवढे पाहून घे.

तिरफळे आणू नका. उत्तरेकडे 'मख्वेन' नावाची, तिरफळाच्याच कुळातली फळे मसाल्यात घालतात. चिआंग माईहून मी मूठभर आणली आणि तिखल्यात ती खपून गेली. आमसुले मात्र आणा. इथे 'सोम खेक' नावाच्या वाळवलेल्या आंबट फोडी मिळतात, पण त्यांचा सारात रंग उतरत नाही. 'खेक' म्हणजे पाहुणा, आणि आपल्याकडच्या माणसांनाही इथे खेकच म्हणतात, तेव्हा तुम्ही दोघे दोन्ही अर्थांनी खेक असाल. अर्धा किलो पुरेत, आणि त्यांतली थोडी मीठ कमी असलेली बघा.

तुमची लेक