पून हिल ट्रेक : रविवारची बैठक चुकवू नका

पालकहो, दिवाळीच्या सुट्टीतल्या नेपाळ ट्रेकची बैठक येत्या रविवारी संध्याकाळी 5 वाजता आपल्या नेहमीच्या हॉलमध्ये आहे. मुलांनाही आणा.

– पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्राची प्रत आणा. 15 ते 65 वयाच्या प्रवाशांना नेपाळला जाताना आधार चालत नाही.

– वाटेतल्या उल्लेरी गावाच्या दगडी पायऱ्या तीन हजारांच्या वर आहेत. मुलांना आतापासून जिने चढायची सवय लावा. नवे बूट घ्यायचे तर आत्ताच घेऊन रोज घालायला द्या. वाटेत टाचेला फोड आला की मूल रडकुंडीला येतं.

– पून हिल 3210 मीटरवर आहे. उंचीमुळे डोकं दुखलं, मळमळलं तर मुलांनी लगेच सांगायचं. त्रास वाढला तर खाली उतरायचं, मग वरून दिसणारा सूर्योदय हुकला तरी चालेल.

येणार असाल तर शुक्रवारपर्यंत कळवा.